मानसशास्त्राचे शिक्षण आणि शिक्षकांच्या संघटना

नाशिकच्या गंगापूर रोडवर महाविद्यालयीन शिक्षणासाठी येणाऱ्या आपल्या काही मुलामुलींना मानसशास्त्राची ओढ असते. या विषयाला आधार कोणाचा, हे पालकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

१९१६ साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. १९२४ मध्ये इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली. अधिवेशने व नियतकालिके यांद्वारे अशा संघटना विखुरलेल्या प्राध्यापकांपर्यंत नवे संशोधन पोहोचवितात. मराठीतून शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांसाठी मराठी मानसशास्त्र परिषद आहे.

मात्र संघटनेचे सभासदत्व किंवा केवळ पदवी म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. प्रवेश घेताना आणि उपचारासाठी जाताना ही चौकशी अवश्य करावी.