घड्याळ लावून दहा मिनिटे

धान्य तोलण्याचे रशियातले जुने माप ‘पूद’, म्हणजे सुमारे १६ किलो. त्या वजनाचा मुठीचा लोखंडी गोळा म्हणजे ‘गिर्या’; आपल्याकडच्या व्यायामशाळांत तोच केटलबेल! तिकडच्या शर्यतीत दहा मिनिटांची मुदत. गोळा मध्येच जमिनीवर टेकला की डाव संपला.

घरी असला हट्ट नको. अर्धा मिनिट झोके, अर्धा मिनिट विसावा, असे दहा मिनिटे करावे. झोके मोजून पुरे करू गेल्यास शेवटचे चार ओढूनताणून होतात आणि कंबर धरते. घड्याळाला आकड्याची हाव नसते. दमलात तर झोके कमी घ्या. पाठ ताठ, जोर मांड्यांचा. तासभराची तालीम नोकरदाराला रोज कुठून जमणार? हे आंघोळीचे पाणी तापेतो उरकते. नवख्या गृहस्थाला आठ किलो पुष्कळ; शेजारचा पहिलवान हसला तर खुशाल हसू द्यावे.