पहिली गाडी: सजवायची की कामाला लावायची?



वर्कशॉप संपलं की कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारतंच, "सर, धंदा जरा बरा चाललाय, गाडी घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या. पण आधी माझ्या पहिल्या गाडीची गोष्ट ऐका.

2014 साली मी एक सेकंडहँड छोटी हॅचबॅक घेतली. घर सिंहगड रोडला, काम भोसरी एमआयडीसीत. जाऊन-येऊन रोजचे 50 किलोमीटर. इंजिन ठणठणीत होतं. टायर आणि बॅटरी मात्र जुनी. मी काय केलं? पहिल्याच आठवड्यात 38 हजार रुपये घातले अलॉय व्हील, टचस्क्रीन आणि एलईडी लायटिंगमध्ये! सोसायटीत सगळ्यांनी कौतुक केलं. फार बरं वाटलं.

जुलैमध्ये एका सकाळी गाडी सुरूच होईना. 10 वाजता एका कंपनीत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगचं काम फायनल व्हायचं होतं. रिक्षा करून भिजत पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथले साहेब हसून एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला वेळेचं नियोजन शिकवणार होतात ना?" काम गेलं. नंतर मेकॅनिकने दाखवलं. स्क्रीन बसवणाऱ्याने मूळ वायर कापून, पिळून नुसती टेप गुंडाळली होती. रात्रभर करंट खाऊन जुनी बॅटरी बसली.

त्या 38 हजारांत चार नवे टायर आणि बॅटरी आली असती, वर पैसे उरले असते. त्या दिवसापासून एक नियम पाळतो: गाडीवरचा प्रत्येक रुपया धंद्याच्या गल्ल्यातून निघतो, म्हणून त्याने काहीतरी काम केलंच पाहिजे.

गाडी निवडताना

अल्टो, वॅगनआर, टियागो, निऑस, यातली कुठलीही घ्या. बघायचं एवढंच, की तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या मेकॅनिकला ती येते का आणि पार्ट त्याच दिवशी मिळतो का. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. म्हणून सेकंडहँड घेताना नव्या गाडीची आजची किंमत विचारा, मगच भाव करा.

सीएनजी परवडते का?

कागद-पेन घ्या. समजा पेट्रोल 105 रुपये लिटर आणि गाडी 17 किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला 6 रुपये 18 पैसे. सीएनजी 90 रुपये किलो आणि गाडी 25 देते. म्हणजे 3 रुपये 60 पैसे. फरक साधारण अडीच रुपये. सीएनजी मॉडेलला 90 हजार जास्त लागत असतील, तर रोज 50 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस फिरणाऱ्याचे पैसे जवळपास अडीच वर्षांत वसूल. रोज 15 किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र 8 वर्षं लागतील! शिवाय बऱ्याच गाड्यांत टाकी डिकी खाते, पंपावर रांग असते आणि दर 3 वर्षांनी सिलिंडरची टेस्ट करावी लागते. तुमच्या गावचे भाव टाकून हा हिशेब स्वतः करा.

आपल्यासारखी करायची, पण कशी?

हौस मारू नका, तिला दिशा द्या. डिकीत भाजीवाले वापरतात तसे दोन प्लास्टिकचे क्रेट ठेवा: एकात सॅम्पल, दुसऱ्यात बिलबुक आणि टूल्स. मोबाईल स्टँड, चांगला चार्जर, धुता येणारे मॅट आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप घ्या. रोज दोन तास बसायचं असेल तर कमरेला आधार देणारी उशी घ्या. सीट कव्हर घेताना सीटमध्ये साइड एअरबॅग आहे का ते बघा. असेल तर त्यासाठी बनवलेलंच कव्हर घ्या, नाहीतर एअरबॅग उघडताना अडकू शकते. इलेक्ट्रिकचं काहीही बसवताना एकच वाक्य बोला: "वायर कापायची नाही, कपलरवरच जोडा."

काही गोष्टी टाळाच. काळी फिल्म नको, 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानेच तिच्यावर बंदी आणली. पुढचा लोखंडी गार्डही नको. 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आरसी बुकात नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. दारावर धंद्याचं नाव रंगवायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

कागदाची बाजू

खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत भाड्याने चालवणं आणि मालवाहतूक बसत नाही. सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं. म्हणजे रोज मागची सीट पाडून पोती न्यायची असतील, तर क्लेमच्या वेळी अडचण येईल. तसं काम असेल तर मालवाहू गाडीच बघा. धंद्याच्या पुस्तकात गाडी दाखवली तर आयकरात साधारणपणे वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, पण घरगुती वापराचा भाग वजा होतो. गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र आपल्यासारख्यांना सहसा मिळत नाही. सही करण्याआधी सीएंना एक फोन करा.

आजचा गृहपाठ

पुढचे सात दिवस एका वहीत लिहा: रोज किती किलोमीटर, सोबत काय सामान, कुठे उशीर झाला आणि का. शोरूममध्ये जाताना ती वही सोबत न्या. सेल्समन रंग दाखवेल, तेव्हा तुम्ही वही उघडा.

माझी ती गाडी पुढे 7 वर्षं चालली. टचस्क्रीन काढून टाकली, टायर आणि बॅटरी नवी घातली. त्यानंतर एकाही मीटिंगला तिच्यामुळे उशीर झाला नाही. सोसायटीत कुणी कौतुक केलं नाही, पण क्लायंटने केलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!