पंख आहेत, तरी पलीकडे जाता येत नाही

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. बेटावर अडकलेल्या प्राण्यापासून नवी प्रजाती होते हे पटलं, पण पक्ष्याला तर पंख असतात. तो अडकेल कसा?

उत्तर आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहे. मी एकदा कोइमतूरहून पालक्काडला रेल्वेने गेलो होतो. लांबवर दोन्हीकडे डोंगर आणि मधे सपाट, तापलेली जमीन. ही पालक्काड खिंड, सुमारे ३०-४० किलोमीटर रुंद. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनामलाई आणि पळणी. या डोंगरांवर, साधारण १,४०० मीटरच्या वर, शोला नावाचं थंड, दमट जंगल आहे. तिथे शोलाकिली हा छोटासा निळा पक्षी जमिनीलगतच्या गर्द झाडीत वावरतो. त्याच्यासाठी खालचं उन्हाचं मैदान म्हणजे समुद्रच की!

आता नीट ऐका. खिंड पक्ष्याला बदलत नाही, ती फक्त सोयरीक तोडते. जनुकांमध्ये बारीकसारीक बदल दर पिढीत होतच असतात. येणं-जाणं चालू असेल तर ते सगळीकडे मिसळून जातात. ते थांबलं की इकडचे बदल इकडे साठतात, तिकडचे तिकडे. काही उपयोगी पडले म्हणून टिकतात, काही निव्वळ योगायोगाने. लाखो वर्षांनी काय दिसतं? निलगिरीतल्या पक्ष्याच्या पोटाच्या कडा तांबूस, तर खिंडीच्या दक्षिणेकडच्याचं पोट पांढरं.

आणखी दक्षिणेला शेनकोट्टा खिंड आहे. तिच्या पलीकडे अगस्त्यमलाईच्या डोंगरातली शोलाकिली दिसायला पांढऱ्या पोटाच्या भावंडासारखीच. पण २०१७ मध्ये जनुकं वगैरे तपासून संशोधकांनी तीही वेगळी प्रजाती असल्याचं मांडलं: अशंबू शोलाकिली.

नुसतं नाव बदललं, त्यात काय एवढं, असं मलाही आधी वाटलं होतं. पण विचार करा. सगळे एकाच प्रजातीचे असते, तर एका डोंगरावरचे गेले तरी "दुसरीकडे आहेत ना" म्हणता आलं असतं. आता ती सोय नाही. चहाचे मळे आणि बाहेरून आणून लावलेली झाडं यांनी शोला जंगलाचा बराच भाग आधीच खाल्लाय. अगस्त्यमलाईचं जंगल गेलं, तर अशंबू शोलाकिली जगातूनच जाईल.

पालक्काडच्या गाडीत बसलात तर खिडकीबाहेर जरूर बघा. भेटू पुढच्या भागात!