फोर्कलिफ्टच्या इंजिनाचे कोड कसे वाचावे

द्राक्षांच्या हंगामांत संघांच्या आवारांतून माल हलविण्यासाठीं डिझेल फोर्कलिफ्टचा उपयोग होतो. गाडी भरावयाची असतां इंजिनाचा दिवा लागला, कीं चालक गोंधळतो व सेन्सर नवा आणण्याची घाई होते. खर्च होतो, दोष मात्र जागेवरच राहतो, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. २०२३ पासून ५० अश्वशक्तींवरील नव्या ट्रॅक्टरांसही धुराचे कडक नियम लागू झाल्यामुळें हा विषय आतां शेतापर्यंत आला आहे.

सेन्सर पाण्याचें तापमान, तेलाचा दाब इत्यादि गोष्टी मोजून विजेच्या दाबाच्या रूपानें नियंत्रक पेटीस कळवितो. आंकडा मर्यादेबाहेर गेला, कीं पेटी कोड नोंदविते. पुष्कळ यंत्रांत जे-१९३९ नांवाची पद्धत असते; तींत कोडाचे दोन मुख्य भाग असतात. एसपीएन हा भाग तक्रार कशाविषयीं आहे तें सांगतो. एफएमआय हा तिचा प्रकार सांगतो. एसपीएन ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचें तापमान, १०० म्हणजे तेलाचा दाब. एफएमआय ३ म्हणजे विजेचा दाब प्रमाणाहून अधिक, ४ म्हणजे कमी, आणि ० म्हणजे मोजलेलें मान खरोखरच धोक्याच्या वर गेलेलें.

११० सोबत ० आल्यास सेन्सरास दोष देऊं नये. भार खालीं ठेवून इंजिन बंद करावें. निवाल्यावर पाणी, पट्टा, पंखा व रेडिएटरमधील कचरा पाहावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. येथें हयगय झाल्यास इंजिनच जाम होतें.

११० सोबत ३ किंवा ४ आल्यास प्रथम प्लगांतील गंज, सैल पिना व उंदरांनीं कुरतडलेली वायर पाहावी. ४ असल्यास चावी बंद करून सेन्सरचा प्लग काढावा व पुन्हां चावी लावावी. प्लग निघाला, कीं विजेचा दाब सुमारें ५ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून ४ जाऊन ३ आला, तर वायर ठीक असून सेन्सर निकामी समजावा. ४ तसाच राहिला, तर वायर बहुधा घासून सांगाड्यास टेकलेली असते. अशा वेळीं नवा सेन्सर घेणें व्यर्थ होय.

सारांश, कोड ही फिर्याद होय, निकाल नव्हे. तो पुसण्यापूर्वीं तारीख व तास-मीटरच्या आंकड्यासह वहींत टिपून ठेवावा, म्हणजे मिस्त्रीस पुढील चौकशी सोपी जाईल.