तुम्हाला कोणते कपडे आवडतात?

श्रोते हो, हा प्रश्न आपल्या घरात सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. दिवाळीच्या खरेदीला दुकानदार ठाण उलगडतो, वडील भाव विचारतात, आई कापड चिमटीत धरून पाहते आणि मुलाला फार तर एवढेच विचारले जाते, की रंग चालेल ना? मग इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेत हाच प्रश्न समोर आला म्हणजे आपला उमेदवार गोंधळतो. व्याकरणाच्या अवघड प्रश्नाने तो जेवढा गोंधळत नाही, तेवढा ह्या सोप्या दिसणाऱ्या प्रश्नाने गोंधळतो. तेव्हा आज एवढ्या एकाच प्रश्नाविषयी बोलू.

ज्या परीक्षेला आपल्याकडे ‘आयल्ट्स’ म्हणतात, ती 1989 साली सुरू झाली. परदेशी शिकावयास किंवा नोकरीस जाणाऱ्यांना ती द्यावी लागते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करावयाची आणि त्यासाठी हीच परीक्षा द्यावयाची, तर बोलण्यात नवापैकी सात गुण लागतात. आपल्या तालुक्यांतून परिचारिकेचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या कितीतरी मुली ह्या सातच्या उंबरठ्यावर अडतात. परीक्षेचे शुल्क दहा हजार रुपयांहून अधिक. ते पुन्हा भरणे कुठल्या शेतकरी घराला परवडते, ते तुम्हीच सांगा.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर समोर बसलेला परीक्षक बोलतो आणि सारे संभाषण ध्वनिमुद्रित होते. पहिली चार-पाच मिनिटे घर, गाव, काम, छंद, कपडे, जेवण असे रोजचे विषय. मग हातात एक कार्ड येते, एक मिनिट विचार करावयाचा आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलावयाचे. शेवटची चार-पाच मिनिटे त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. गुण चार गोष्टींना आणि चारही सारख्याच वजनाच्या: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार.

आता ह्या चारांत काय नाही, ते नीट ध्यानात घ्या. तुमची आवड उच्च आहे की साधी, ह्याला गुण नाहीत. जीन्स आवडते म्हणणाऱ्याला अधिक आणि धोतर आवडते म्हणणाऱ्याला उणे, असा हिशेब तिथे नाही. एवढेच काय, परीक्षेला तुम्ही काय घालून आलात ह्यालाही गुण नाहीत. काही शिकवणीवाले कोट-टाय घालून जा असे सांगतात. जायचे तर जा, पण उकाड्यात गळा आवळून घेऊन ओघ वाढत नाही, बरं का!

एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. हुशार मुलगी, घरची कोरडवाहू शेती. सरावाच्या वेळी मी तिला हाच प्रश्न विचारला. तिने शिकवणीतून पाठ केलेले उत्तर धडाधडा म्हटले, की मला पाश्चात्त्य धर्तीचे, नामांकित कंपन्यांचे कपडे आवडतात, कारण त्यांनी आत्मविश्वास वाढतो. मी म्हटले, छान, शेवटचा असा कपडा केव्हा घेतलास? झाले! पोर गप्प. तिने तसा कपडा कधी घेतलाच नव्हता. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “सर, माझ्याकडे चारच ड्रेस आहेत. दोन तर ताईचे. ते कसं सांगायचं?” मी म्हटले, अगदी हेच सांग. ताईचे कपडे तुला कसे आले, आईने ते कसे उसवून पुन्हा बेताचे केले, त्यांतला कोणता तुला आवडतो. ती बोलू लागली. इंग्रजी मोडके होते, पण थांबत नव्हते.

अडचण इंग्रजीची थोडी आणि लाजेची फार, असे माझे मत आहे. आपले कपडे सांगण्याजोगे नाहीत, ही समजूत मुलांच्या मनात कोणीतरी घातलेली असते. कधी ती आपण शिक्षकांनीच नकळत घातलेली असते. मग मूल दुसऱ्याचे आयुष्य पाठ करते. पाठ केलेले उत्तर सवयीच्या परीक्षकाला लगेच ओळखू येते, आणि पुढचा प्रश्न आला की ते उत्तर कामाचे राहत नाही. खरे सांगणाऱ्याला मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नालाही सांगण्यासारखे काही असते.

आता शब्दांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपण मराठीत ‘कापड’ आणि ‘कपडे’ असा भेद करतो. ठाणातून फाडून देतात ते कापड, अंगात घालतो ते कपडे. इंग्रजीतही नेमका हाच भेद आहे. ‘क्लॉथ’ म्हणजे कापड. अंगातले ते ‘क्लोद्झ’. आपली मुले ‘आय हॅव मेनी क्लॉथ्स’ म्हणतात, त्याचा अर्थ माझ्याजवळ पुष्कळ फडकी आहेत, असा होतो! अंगातल्या कपड्यांचा तो शब्द उच्चारायला अवघड वाटतो, कारण द आणि झ एकत्र येतात. पण पुष्कळ इंग्रज माणसे तो सरळ ‘क्लोझ’ असाच, दार बंद करण्याच्या क्रियापदासारखा उच्चारतात. तुम्हीही तसाच उच्चारा. ‘क्लो-थेस’ असे दोन तुकडे मात्र करू नका. ह्या शब्दाला एकवचन नाही. एकच कपडा सांगावयाचा तर ‘अ पीस ऑफ क्लोदिंग’ म्हणावे.

दुसरा शब्द ‘ड्रेस’. आपल्याकडे शाळेचा गणवेश हा ड्रेस, पंजाबी पोशाख हा ड्रेस, लग्नात नवऱ्या मुलाचा तोही ड्रेस. इंग्रजांच्या घरी मात्र ‘अ ड्रेस’ म्हणजे बायकांचा, खांद्यापासून खाली येणारा सलग झगा. एखादा दाढीवाला तरुण ‘आय बॉट अ न्यू ड्रेस’ म्हणाला, तर परीक्षक हसणार नाही, पण त्याच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहील. तीच गोष्ट ‘पँट’ची. इंग्लंडात ‘पँट्स’ म्हणजे आतले कपडे. वरची ती ‘ट्राउझर्स’. अमेरिकेत ‘पँट्स’ चालते. दोन्हीकडे शब्द अनेकवचनी, कारण पाय दोन! शाळेची हाफपँट म्हणजे ‘शॉर्ट्स’. हाफ शर्ट म्हणजे अर्धा सदरा नव्हे, तर ‘शॉर्ट-स्लीव्ह्ड शर्ट’.

क्रियापदांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि इंग्रजी काटकसरी. आपण सदरा घालतो, लुगडे नेसतो, फेटा बांधतो, घोंगडी पांघरतो, चष्मा लावतो, गजरा माळतो. इंग्रज ह्या बहुतेक साऱ्यांना एकच ‘वेअर’ वापरतो. चष्म्यालाही वेअर, फुलालाही वेअर आणि दाढीलासुद्धा! तेव्हा ‘नेसणे’ला इंग्रजी काय, म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. ‘शी वेअर्स अ सारी’ म्हणावे, पुढे जावे. नेसण्याची कृतीच वर्णन करावयाची असेल तर ‘ड्रेप’ आहे, फेट्याला ‘टाय’ आहे. मात्र एक भेद इंग्रजीत आहे आणि आपल्या ‘घालणे’त नाही. अंगात असणे ते ‘वेअर’, अंगात चढवणे ते ‘पुट ऑन’. ‘थंडीत मी स्वेटर घालतो’ इथे वेअर. ‘मी स्वेटर घातला आणि बाहेर पडलो’ इथे पुट ऑन.

आणि आता आपल्या शिंप्याचा शब्द. ‘आय स्टिच्ड अ शर्ट फॉर दिवाळी’ असे जवळजवळ प्रत्येक मुलगा म्हणतो. ह्याचा अर्थ, मी स्वतः सुई-दोरा घेऊन सदरा शिवला. मराठीत आपण ‘शिवला’ आणि ‘शिवून घेतला’ हा भेद अचूक पाळतो. मग तो इंग्रजीत का सोडावा? ‘आय हॅड अ शर्ट मेड’ म्हणजे शिवून घेतला. केस कापण्याचेही तसेच: ‘आय हॅड माय हेअर कट’. ही वाक्यरचना सहज तोंडात आली म्हणजे व्याकरणाच्या गुणांना तिची मदत होते. आणि तयार कपड्यांच्या दुनियेत, गावच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या आपल्या मुलांना ती वापरण्याची संधी शहरी मुलांपेक्षा अधिक आहे.

आवड सांगताना ‘प्रिफर’ येतो. त्यापुढे ‘दॅन’ नको, ‘टु’ हवा: ‘आय प्रिफर कॉटन टु सिल्क’. ‘आय अॅम लायकिंग’ हे तर कानाआडच करा. ‘कम्फर्टेबल’मध्ये टेबल ऐकू येऊ देऊ नका, तो ‘कंफ्टबल’ असा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. सैल म्हणजे ‘लूस’, शेवटी स. ‘लूझ’ म्हटले की हरवणे झाले.

पहिल्या भागातले उत्तर तीन-चार वाक्यांचे पुरे. नुसते ‘कॉटन’ म्हणून थांबणे वाईट आणि पाच मिनिटे व्याख्यान देणे त्याहून वाईट. नमुना पाहा: ‘आय मोस्टली वेअर कॉटन शर्ट्स, बिकॉझ इट गेट्स व्हेरी हॉट इन अवर व्हिलेज. माय मदर बाइझ द क्लॉथ अॅट द वीकली मार्केट, अँड वी हॅव इट मेड अप बाय द लोकल टेलर. आय यूस्ट टु फाइंड दॅट एम्बॅरसिंग, बट नाउ आय रादर लाइक इट.’ यात आवड आली, कारण आले, आठवड्याचा बाजार आला, कापड-कपडे भेद आला, शिवून घेणे आले आणि पूर्वी लाज वाटत असे हेही आले. हे पाठ करू नका, म्हणजे झाले! तुमचा शिंपी वेगळा, तुमचे कारण वेगळे.

दुसऱ्या भागात एखाद्या आवडत्या किंवा भेट मिळालेल्या कपड्याचे वर्णन करावयास सांगतात. दोन मिनिटे पुष्कळ वाटतात, पण आजीच्या नऊवारीविषयी कोण दोन मिनिटे बोलू शकणार नाही? नऊ वार लांब, काष्टा घालून नेसलेले, शेतात वाकताना अडचण नाही, विरल्यावर त्याची गोधडी. अशा वेळी मराठी शब्द बेधडक वापरा आणि लगेच एका वाक्यात उकलून सांगा: नऊवारी म्हणजे नऊ वारांची साडी, पायांमधून मागे खोचलेली. अनोळखी वस्तू सोप्या शब्दांत समजावता येणे हेही शब्दसंपत्तीतच मोडते. आणि संकोच कशाचा? इंग्रजांनी आपल्याकडून किती शब्द नेले! पायजमा, शाल, खाकी, बांधणीपासून बंदाना, कालिकतवरून कॅलिको. डंगरीझ हा त्यांचा कामकऱ्यांचा पोशाख. त्याचे मूळ ‘डुंगरी’ ह्या जाड्याभरड्या सुती कापडाच्या नावात आहे आणि ते नाव मुंबईच्या डोंगरीवरून आल्याचे सांगतात.

तिसऱ्या भागात प्रश्न व्यापक होतात. गणवेश असावा का, म्हातारे आणि तरुण वेगळे कपडे का घालतात, पारंपरिक पोशाख मागे पडत आहेत का? इथे मत हवे आणि त्याला आधार हवा. कोल्हापुरी वहाणांना 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 सालच्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात तशाच वहाणा दिसल्या, मूळ कारागिरांचा उल्लेख नाही म्हणून ओरड झाली, तेव्हा कंपनीने त्यांची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. परंपरा आणि फॅशन ह्यांविषयी बोलताना एवढे एक उदाहरण पुरते. मत कोणतेही असो. ‘हे खरे, पण दुसऱ्या बाजूने पाहता’ असे म्हणता आले की चर्चा आपोआप लांबते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. आठवड्यातून एक तास मुलांना जोडीने बसवा. प्रत्येकाने घरून एक जुना कपडा आणावा. फाटका, विटलेला, थोरल्या भावाचा, कसाही. आधी त्याची हकीकत मराठीत सांगावयाची, कारण हकीकत मराठीतच सुचलेली असते. मग तीच इंग्रजीत, कागद न घेता. जोडीदाराने मध्येच तीन प्रश्न विचारावयाचे: केव्हा, कोणी, का. चुका त्या वेळी दुरुस्त करू नका, टिपून ठेवा आणि तासाच्या शेवटी फळ्यावर घ्या. पुढच्या आठवड्यात तोच कपडा, पण जोडीदार बदललेला. पहिल्या तासाला मुले कपडा पिशवीतून बाहेर काढायला लाजतील. तुम्हीच आपला एखादा जुना सदरा किंवा साडी घेऊन जा आणि सुरुवात करून द्या.