पोर्टफोलिओ ऑप्टिमायझर: दहा ओळींचा कोड चालवण्याआधी

फायनान्समध्ये संशोधन करायचं ठरवलेले बरेच जण पहिला प्रश्न विचारतात तो असा: "पोर्टफोलिओ ऑप्टिमायझेशनसाठी कोणतं टूल शिकू?" याचं उत्तर लहान आहे, ते आधी देऊन टाकतो. पायथन येत असेल तर पायपोर्टफोलिओऑप्टपासून सुरुवात करा. जोखमीची वेगवेगळी मापं वापरायची असतील तर रिस्कफोलिओ-लिब बघा. स्वतःच्या अटी स्वतः लिहायच्या असतील तर थेट सीव्हीएक्सपाय. आर वापरत असाल तर पोर्टफोलिओअ‍ॅनालिटिक्स. सगळी फुकट मिळतात.

पण टूल निवडलं म्हणजे काम झालं असं नाही. खरी अडचण तिथून पुढे आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये मांडलेला प्रश्न आहे: अमुक इतका परतावा हवा असेल, तर कमीत कमी जोखमीत पैसे कसे वाटावेत? गणिताला दोन गोष्टी पुरवाव्या लागतात. प्रत्येक शेअरचा अपेक्षित परतावा, आणि शेअर एकमेकांसोबत कसे हलतात ते सांगणारं कोव्हेरियन्स मॅट्रिक्स. या दोन्ही गोष्टी आपल्याला खरं तर ठाऊक नसतात. आपण जुन्या भावांवरून अंदाज काढतो आणि ऑप्टिमायझर तो अंदाज ब्रह्मवाक्य समजून कामाला लागतो.

एक उदाहरण कागदावर करून बघा. दोन बँकांचे शेअर घ्या. दोघांची वार्षिक अस्थिरता २० टक्के, आपसातला सहसंबंध ०.९५, आणि जोखीममुक्त दराच्या वरचा अपेक्षित परतावा दोघांचाही ८ टक्के. सर्वाधिक शार्प रेशो देणारी वाटणी अर्थातच ५०-५० येते. आता दुसऱ्याचा परतावा ८ ऐवजी ८.५ करा. फक्त अर्धा टक्का! वाटणी येते उणे ९ आणि १०९. म्हणजे पहिला शेअर उसना घेऊन विका आणि सगळे पैसे दुसऱ्यात घाला. शॉर्ट विक्रीला बंदी घातली तर ० आणि १००.

आता हा अर्धा टक्का आपल्याला मोजता तरी येतो का? एखाद्या शेअरची अस्थिरता ३० टक्के असेल आणि तुमच्याकडे २५ वर्षांचा डेटा असेल, तर सरासरी परताव्याची प्रमाण त्रुटी ३० भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ६ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या फरकावर सगळा पोर्टफोलिओ उलटतो, आणि आपली मोजपट्टी सहा टक्क्यांची! "मग रोजचे भाव घेतो, डेटा वाढेल," असं मलाही वाटलं होतं. त्याने अस्थिरतेचा अंदाज सुधारतो, सरासरीचा नाही. सरासरी परतावा पहिल्या आणि शेवटच्या भावावरून ठरतो, मधले भाव कितीही बारीक मोजले तरी. रॉबर्ट मर्टन यांनी हे १९८० मध्येच दाखवलं होतं.

मॅट्रिक्सचीही गत फार वेगळी नाही. ५० शेअर म्हणजे १२७५ वेगवेगळ्या संख्यांचा अंदाज. १०० शेअर आणि ६० महिन्यांचा डेटा घेतलात आणि शॉर्ट विक्रीला मोकळीक दिलीत, तर कागदावर शून्य जोखमीचा पोर्टफोलिओसुद्धा सापडेल. असा पोर्टफोलिओ सापडला तर पेढे वाटू नका. रिचर्ड मिशो यांनी १९८९ च्या लेखात अशा ऑप्टिमायझरला चुका वाढवणारं यंत्र ठरवलं ते यासाठीच: ज्या शेअरचा अंदाज चुकून जास्त आला, त्यालाच ते सर्वांत मोठा वाटा देतं.

माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये आलेख झकास होते. गाईडनी एकच विचारलं, "सगळ्यांना समान वाटा दिला असता तर?" मी ते केलंच नव्हतं. घरी येऊन केलं, आणि पुढच्या काळाच्या डेटावर समान वाटा माझ्या मॉडेलच्या पुढे निघाला. पुढचे सहा महिने प्रकरण नव्याने लिहिण्यात गेले. नंतर कळलं की डिमिगेल, गार्लापी आणि उप्पल यांनी २००९ मध्ये १४ मॉडेलं सात डेटासंचांवर तपासली होती, आणि एकही मॉडेल समान वाट्याला सातत्याने हरवू शकलं नव्हतं. तो पेपर टूलच्या आधी वाचा.

मग ऑप्टिमायझर सोडून द्यायचा का? नाही. परताव्याचा अंदाजच न वापरता फक्त किमान जोखमीचा पोर्टफोलिओ काढा. चुकीचं मोठं उगमस्थान तिथेच बंद होतं. मॅट्रिक्ससाठी लेडवा आणि वोल्फ यांची श्रिंकेज पद्धत वापरा, पायपोर्टफोलिओऑप्ट आणि रिस्कफोलिओ-लिबमध्ये ती तयार मिळते. वाट्यांवर मर्यादा घाला. जगन्नाथन आणि मा यांनी २००३ मध्ये दाखवलं की शॉर्ट विक्रीवरची बंदी मुळात चुकीची असली तरी तिचा परिणाम बराचसा श्रिंकेजसारखाच होतो.

आणि डीफॉल्ट तपासा, हे मी हात जोडून सांगतो. पायपोर्टफोलिओऑप्ट वर्षाला २५२ दिवस धरून चालते. तुम्ही महिन्याचे भाव दिलेत आणि तो आकडा १२ केला नाहीत, तर "वार्षिक" म्हणून २५२ महिन्यांचा, म्हणजे २१ वर्षांचा परतावा हातात पडेल. कोड कुरकुर करणार नाही. जोखीममुक्त दरही तिच्या जुन्या आवृत्त्यांत आपोआप २ टक्के धरला जायचा. आपल्याकडच्या ट्रेझरी बिलाचा दर त्याहून बराच वर असतो.

शेवटी डेटाची यादी. आजच्या निफ्टी ५० मधल्या कंपन्या घेऊन २०१५ पासूनची चाचणी केलीत, तर तुम्ही टिकून राहिलेल्यांनाच मोजताय. येस बँक २०२० मध्ये निर्देशांकातून बाहेर पडली. आजची यादी घेतलीत तर तिचा पडता भाव तुमच्या चाचणीत येणारच नाही. त्या त्या वर्षाची यादी मिळवायला वेळ लागतो, पण ती सिनॉप्सिस देण्याआधी मिळवा. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न विचारतात.