सफर आणि सफारी

'सफर' हा शब्द तुम्हांला नवा नाही. घरी आणि शाळेत तो तुम्ही नेहमी ऐकता. सफर करणारा तो मुसाफिर. हे दोन्ही शब्द मराठीतही आहेत; पण मराठीत येताना 'सफर' या शब्दाने आपले लिंग बदलले. उर्दूत 'सफर अच्छा रहा' म्हणतात, तर मराठीत 'सफर चांगली झाली' असे म्हणतात.

हा शब्द मूळ अरबी भाषेतला. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला. तेथील स्वाहिली भाषेत त्याचे 'सफारी' झाले. स्वाहिलीत सफारी म्हणजे कोणताही प्रवास. मग तो बाजाराचा असो की पाहुण्यांकडचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द उचलला. पुढे रानातील प्राणी पाहण्यासाठी केलेली सफर म्हणजे सफारी, असा त्याचा अर्थ जगभर रूढ झाला. अरबस्तानातून निघालेला हा शब्द सोनईच्या उसाच्या शेतापर्यंत कसा येऊन पोहोचतो, ते आता पाहू.

पूर्वी सफारीला जाणारे लोक प्राणी पाहायला जात नसत, मारायला जात. श्रीमंत शिकारी बंदुका आणि ओझी वाहणारे मजूर बरोबर घेऊन महिनोन्‌महिने रानात राहत. पायी शिकार करताना सर्वांत धोक्याचे ठरणारे पाच प्राणी त्यांनी ठरवले होते: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस. या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हणजे 'मोठे पाच' असे नाव पडले. हे नाव आजही चालते. प्रवासी आजही हे पाच प्राणी शोधत असतात. फरक इतकाच, की हातातील बंदूक गेली आणि तिच्या जागी दुर्बीण आली.

हा बदल आपोआप झाला नाही. बेसुमार शिकारीमुळे दक्षिण आफ्रिकेतील कळपच्या कळप नाहीसे झाले. तेव्हा १८९८ साली तेथे साबी नावाचे राखीव रान ठेवण्यात आले. त्यातूनच १९२६ साली क्रूगर राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. या उद्यानाचा विस्तार ऐकाल तर थक्क व्हाल. आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. तो सुमारे १७,००० चौरस किलोमीटर आहे. क्रूगर उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंतचा आपला सारा जिल्हा त्या एका उद्यानात मावेल आणि वर जागा उरेल!

आता अशा सफारीतला एक दिवस कसा जातो ते पाहा. तेथील ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे जून महिन्यात पावसाला सुरुवात होते, तेव्हा तेथे हिवाळा असतो. मे ते ऑक्टोबर हा बराचसा कोरडा काळ असतो. या दिवसांत गवत वाळून बसते, लहान पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी गोळा होतात. म्हणून सफारीला हाच काळ चांगला.

प्रवाशांना पहाटे अंधारातच उठवतात. गरम चहा-कॉफी झाली की सगळे उघड्या मोटारीत बसतात. थंडी बोचरी असते, म्हणून अंगावर घ्यायला घोंगड्या देतात. मोटारीतून खाली उतरायचे नाही, उभे राहायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, हे नियम निघण्यापूर्वीच सांगितले जातात. त्यांना कारण आहे. मोटार आणि तिच्यात बसलेली माणसे मिळून एकच मोठी वस्तू आहे, असे सिंहाला वाटते. ती आपले भक्ष्यही नव्हे आणि शत्रूही नव्हे, याची त्याला सवय झालेली असते. एखादा माणूस उभा राहिला की ही आकृती मोडते आणि सिंहाला माणूस वेगळा दिसू लागतो. उन्हे चढली की मोटारी परततात, कारण दुपारी प्राणीही सावलीत विश्रांती घेतात. दुपार कलल्यावर दुसरी फेरी निघते.

या सफारीतील सर्वांत महत्त्वाचा माणूस कोण? पैसे देणारा प्रवासी नव्हे. तो मान वाटाड्याचा. त्यालाच गाईड म्हणतात. काही ठिकाणी मोटारीच्या अगदी पुढे, एका छोट्या आसनावर माग काढणारा माणूस बसतो. वाळूवर उमटलेला ठसा पाहून तो प्राण्याची खबर सांगतो. ठशाच्या कडा रेखीव असतील तर प्राणी नुकताच गेला. त्याच ठशावर किड्यांची पावले उमटली असतील किंवा कडा ढासळल्या असतील तर त्याला बराच वेळ झाला. गिधाडे एका जागी उतरत असतील तर तेथे शिकार पडलेली असावी. आपण पुस्तक वाचतो, तशी तो जमीन वाचतो. ही विद्या तो लहानपणापासून त्याच रानाच्या कडेला वाढताना शिकलेला असतो.

प्राण्यांखेरीज आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. झांबिया आणि झिंबाब्वे या देशांच्या सीमेवर झांबेझी नदी सुमारे १,७०० मीटर रुंदीचा पडदा करून सुमारे १०८ मीटर खोल कोसळते. तुषारांचे लोट दुरूनही दिसतात. तेथील लोक या धबधब्याला 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे 'गरजणारा धूर' म्हणतात. १८५५ साली लिव्हिंगस्टन या प्रवाशाने त्याला आपल्या राणीचे, व्हिक्टोरियाचे नाव दिले. बोत्स्वाना देशातील ओकावांगो ही नदी तर समुद्राला मिळतच नाही. ती कलाहारीच्या वाळवंटात पसरून तेथेच जिरते. तिच्या पसरलेल्या पाण्यातून 'मोकोरो' नावाच्या अरुंद होडीत बसून प्रवासी हिंडतात. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो.

केपटाउन शहरामागे टेबल माउंटन नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे १,०८६ मीटर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे येथे लक्षात ठेवा. या डोंगरावरून समुद्रात रॉबेन बेट दिसते. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात काढलेल्या २७ वर्षांपैकी १८ वर्षे या बेटावर गेली. तुरुंग बंद झाल्यावर तेथे संग्रहालय झाले. तेव्हा पाहुण्यांना तुरुंग दाखवण्याचे काम तेथल्याच माजी कैद्यांनी केले. ज्याने ते जीवन भोगले, त्याच्याइतके ते दुसरा कोण सांगणार?

अशी सहल स्वस्त नसते. ओकावांगोसारख्या ठिकाणी उत्तम प्रतीच्या तंबूत एका माणसाचा एका रात्रीचा खर्च लाख रुपयांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक येतो. बोत्स्वानाने हे धोरण समजूनउमजून आखले आहे. थोडे प्रवासी यावेत, त्यांनी जास्त पैसे द्यावेत आणि रानावर गर्दीचा भार पडू नये, असा त्यामागील विचार आहे.

पण मग एक प्रश्न उभा राहतो. हा पैसा कोणाला मिळतो? ज्यांच्या शेतात हत्ती घुसतो, ज्यांची गुरे सिंह नेतो, त्यांना काय मिळते? याचे एक उत्तर क्रूगरच्या उत्तर टोकाला सापडते. तेथे माकुलेके नावाचे लोक राहत होते. १९६९ साली त्या वेळच्या वर्णभेदी सरकारने त्यांना बळजबरीने हुसकावले आणि त्यांची जमीन उद्यानात घातली. पुढे राज्य बदलले. माकुलेके लोकांनी दावा केला आणि १९९८ साली त्यांना आपली जमीन परत मिळाली. ते तेथे पुन्हा शेती करू शकले असते. परंतु त्यांनी ती जमीन रान म्हणूनच राखली, तेथे प्रवाशांसाठी निवास उभारू दिले आणि त्या उत्पन्नात आपला वाटा घेतला. ज्या रानासाठी त्यांना घर सोडावे लागले, त्याच रानाचे ते मालक झाले.

आपल्या महाराष्ट्रातही सफारी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आज तेथे वाघ पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. उघड्या मोटारीत आसपासच्या गावातील वाटाडे बरोबर असतात. वानर खाकरले, सांबर ओरडले की वाटाडा मोटार थांबवतो. हा त्या प्राण्यांचा इशारा असतो: 'सावध! वाघ जवळ आहे.' ताडोब्याच्या रानातूनही काही गावे बाहेर हलवावी लागली. म्हणून गावकऱ्यांना मिळणारे वाटाड्याचे आणि मोटार चालवण्याचे काम ही काही मेहेरबानी नव्हे. त्यांचा तो हक्काचा वाटा आहे.

चंद्रपूर सोनईहून फार लांब आहे. मग आपल्याच जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात चला. तेथे रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य करण्यात आले. त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर आहे. क्रूगरपुढे ते एखाद्या अंगणाएवढे वाटेल. पण पिळदार शिंगांचा काळा नर गवतातून उड्या घेत निघाला, की पाहणारा थक्क होतो. काळवीट इतके वेगाने का धावते? कारण एके काळी त्याच्या मागे चित्ता धावत असे. संस्थानिक पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. कोल्हापूरच्या संस्थानाने तर त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले होते. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ मध्ये नामिबियातून आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणून सोडण्यात आले. रेहेकुरीची काळविटे मात्र कुंपण जाणत नाहीत. ती शेजारच्या शेतात चरतात आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. लाखाच्या तंबूत उभा राहिलेला प्रश्न येथेही आहेच.

आता आणखी जवळ या. त्या 'मोठ्या पाचां'पैकी एक प्राणी तुमच्या शेजारीच राहतो. मुळा कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या तुम्ही सोनईत दर हंगामात पाहता. आपल्या जिल्ह्याच्या या ऊसपट्ट्यात बिबट्या राहतो. उर्दूत आपण त्याला तेंदुआ म्हणतो. उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते. वस्तीवरील कुत्री, डुकरे आणि शेळ्या हे त्याचे खाद्य. मादी उसातच पिल्ले घालते. आफ्रिकेत ज्याला पाहण्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात, त्याच्या भीतीने येथील शेतकरी रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना दचकतो. ही भीती खोटी नाही. बिबट्याच्या हल्ल्यात माणसे, विशेषतः लहान मुले दगावली आहेत.

म्हणून वाटाड्याची विद्या येथे प्रत्येकाला यायला हवी. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नका. बरोबर मोठे माणूस आणि हातात बॅटरी असावी. मोठ्याने बोलत चला. सफारीत शांत राहायचे असते, येथे मात्र आवाज करायचा, म्हणजे बिबट्या आधीच दूर जातो. शेताच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नका. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, ताठ उभे राहा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. शेळ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा. वस्तीजवळ उष्टे-खरकटे टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ऊसतोडीत पिल्ले सापडली तर त्यांना हात लावू नका, घरी आणू नका. आई त्यांना शोधत येते आणि तोंडात धरून नेते. पिल्ले दिसली नाहीत तर ती चवताळते. अशा वेळी गर्दी आणि दगडफेक केल्याने माणसेच जखमी होतात. लगेच वनखात्याला कळवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण क्रूगर उद्यान झाले तेही वर्ष १९२६ च!

सफारीला जाण्याएवढे पैसे सगळ्यांकडे नसतात. पण पावलांचे ठसे ओळखणे, पक्ष्यांचा इशारा समजणे, कोठे थांबावे आणि कोठून मागे फिरावे हे जाणणे, याला पैसे लागत नाहीत. आफ्रिकेतला माग काढणारा माणूस हे आपल्या बांधावरच शिकला. उद्या शाळेत येताना ओढ्याच्या ओल्या मातीकडे जरा नीट पाहा. रात्री तेथून कोण गेले, ते तेथे लिहिलेले असेल.

स्वाध्याय

१. 'सफारी' या शब्दाने कोणकोणत्या भाषांतून प्रवास केला ते लिहा.
२. सफारीच्या मोटारीत उभे का राहू नये?
३. माकुलेके लोकांनी परत मिळालेली जमीन रान म्हणून का राखली असेल? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.
४. सफर, शिकार, खबर, इशारा या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील लिंग शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. उसाच्या शेताजवळ राहणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला बिबट्याविषयी विचारा आणि मिळालेली माहिती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.